फळीला हलायला जागा

पावसाळ्यात सागवानी दार अडकतं, कारण लाकूड कापल्यानंतरही हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहतं. मात्र ते सगळीकडे सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. रुंदीत पडतो, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने तो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. जाणते सुतार म्हणूनच दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता नुसती बसवतात. जागा किती सोडायची, हे त्या फळीच्या रेषा पाहून ठरतं. हे कौशल्य मला फार मोलाचं वाटतं.

कारखान्याला अशी एकेक फळी निरखणं परवडत नाही, म्हणून तो लाकडाचा स्वभावच बदलतो. प्लायवुडचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवतात. प्रत्येक थर शेजारच्याला फुगण्यापासून रोखतो. थरांची संख्या बहुधा विषम ठेवतात, म्हणजे तक्ता वाकत नाही. युक्ती खरोखर सुंदर आहे. एमडीएफमध्ये तर तंतू सुटे करून, राळ मिसळून गरम दाबाखाली तक्ते करतात. पण साधं एमडीएफ भिजून फुगलं की सुकल्यावरही पूर्ववत होत नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली ते मुळीच बसवू नका.