ओट्यावरची भिंत: डॅडो संपला, पुढे काय?

सिडको-हडकोतलं जुनं रो-हाउस असो वा बीड बायपासचा नवा फ्लॅट, छत्रपती संभाजीनगरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांचा साचा ओळखीचा: ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर दोनेक फुटांचा टाइल्सचा डॅडो आणि वर मोकळी भिंत. त्या भिंतीला काय करायचं, यावर घरचे, ठेकेदार आणि रंगारी यांचं एकमत होणं कठीण. त्यातल्या काही पक्क्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: छतापर्यंत टाइल्स लावल्याशिवाय भिंत टिकत नाही.
वस्तुस्थिती: फोडणीचे शिंतोडे आणि सिंकचं पाणी यांचा मारा मुख्यतः ओट्यालगतच असतो. अपवाद शेगडीमागच्या पट्ट्याचा. चिमणी शेगडीपासून साधारण सव्वादोन ते अडीच फूट वर बसते, म्हणजे दोन फुटांचा डॅडो तिच्याखालीच संपतो. तेवढ्या पट्ट्यात टाइल्स चिमणीच्या तळापर्यंत न्या. बाकी भिंतीला रंग पुरतो. खाली दगड, वर गिलावा ही रीत या शहराला नवी नाही. सतराव्या शतकातल्या बीबी का मकबऱ्यात भिंतींना संगमरवर डॅडोच्या उंचीपर्यंतच आहे. त्यावर घुमटाच्या बैठकीपर्यंत बेसाल्टचं बांधकाम असून त्याला घोटून गुळगुळीत केलेला गिलावा आहे.

गैरसमज २: स्वयंपाकघराला ऑइल पेंटच हवा.
वस्तुस्थिती: ऑइल पेंट पुसायला सोपा, हे खरं. पण पांढरा ऑइल पेंट काळाच्या ओघात पिवळा पडतो, कमी उजेडाच्या कोपऱ्यात तर लवकर. शिवाय ताज्या सिमेंटच्या गिलाव्यातले अल्कली क्षार ओल मिळाली की त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतात. रंग चिकट होतो आणि सुटतो. त्यापेक्षा धुता येणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस फिनिशमध्ये घ्या. पूर्ण ग्लॉसमध्ये भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा उठून दिसतो. मॅटवर डाग घासला की तेवढाच भाग चकाकतो.

गैरसमज ३: चिमणी आहे, मग डिस्टेंपर पुरे.
वस्तुस्थिती: चिमणी सगळी वाफ आणि तेलकट धूर ओढत नाही, उरलेलं भिंतीवर बसतं. पाइप बाहेर न काढलेली, हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी तर वाफेचं काहीच करू शकत नाही. डिस्टेंपरमध्ये तेल मुरतं आणि ओल्या फडक्याने घासलं की डागाआधी रंगच निघतो.

गैरसमज ४: रंगाचे पोपडे निघाले म्हणजे रंग निकृष्ट.
वस्तुस्थिती: बऱ्याचदा दोष रंगाखालच्या भिंतीत असतो. नवा गिलावा किमान २८ दिवस पक्का होऊ द्यावा लागतो. जुन्या भिंतीवरचा तेलकट थर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने काढायचा, साध्या पाण्याने पुसायचा आणि भिंत पूर्ण वाळवायची. मग लांबी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. पलीकडे न्हाणीघर असेल आणि ओल उतरत असेल, तर आधी गळती बंद करा. ओलीवर कुठलाच रंग टिकत नाही.

गैरसमज ५: टाइलच्या वरच्या काठाला काहीही भरलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: काळी चिकट रेघ उमटते ती नेमकी इथेच. टाइलची जाडी भिंतीपुढे आलेली असते, त्या पायरीवर तेल-धूळ साचते. सांध्यात सिलिकॉन भरलं तर त्यावर रंग धरत नाही. रंगवता येणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या आणि ते उतरतं ओढून घ्या. सिलिकॉन सिंकच्या कडेला ठेवा.

गैरसमज ६: पीव्हीसी पॅनेल लावलं की कटकट मिटली.
वस्तुस्थिती: पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं. शेगडीजवळ ते नकोच.

तेव्हा बजेट बेताचं असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी ओल, मग शेगडीमागच्या टाइल्स, मग भिंतीची तयारी, आणि शेवटी रंग. दुकानात शेड कार्ड उघडण्याआधी रंगाऱ्याला एवढंच विचारा, "भिंत धुणार का, आणि प्रायमर कोणता मारणार?" उत्तर टाळलं, तर दुसरा रंगारी बघा.