फुलोऱ्यातला गांजा आणि मातीतल्या अळ्या
जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान व्यक्तीला घरी गांजाची तीन झाडं लावता येतात. बंद खोलीतल्या ओलसर कुंड्यांभोवती काळी चिलटं हमखास घोंगावतात. खरा उपद्रव मात्र मातीत असतो. वरच्या दोन-तीन सेंटीमीटर थरात त्यांच्या पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. मातीवर बटाट्याची चकती ठेवा. दोनेक दिवसांनी उलटलीत की त्या खाली चिकटलेल्या दिसतील. फुलोरा आला की फवारणी नकोच, अगदी कडुनिंबाच्या तेलाचीही. ते चिकट फुलांत मुरतं आणि शेवटी माणसाच्याच पोटात किंवा फुप्फुसात जातं. वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका आणि घालाल त्यात अळ्या मारणारे ‘बीटीआय’ हे जिवाणू मिसळा. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे पुरतात. नवी पिढी तीन-चार आठवड्यांत तयार होते. निदान तेवढे दिवस उपाय थांबवू नका.