सायकल चालते, पण काटा हलत नाही

वजन उतरावे म्हणून रोज सकाळी सायकल चालवायची, घाम गाळायचा, आणि महिन्यानंतर काट्यावर उभे राहिले तर आकडा जिथल्या तिथे! पुष्कळ भगिनींची ही तक्रार असते. काहीजणी कंटाळून सायकल पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतात. यात दोष सायकलीचा नाही आणि बाईच्या प्रयत्नांचाही नाही. हिशेब फक्त एका बाजूने मांडलेला असतो. मोटार किती पाणी उपसते एवढेच पाहून विहीर आटेल की नाही हे सांगता येत नाही. झरे किती वाहतात तेही पाहावे लागते. शरीराचे तसेच आहे.

शेतातून सुरतेला

याचे चांगले उदाहरण म्हणून आम्ही सुरत शहराकडे पाहतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे कापडधंद्याच्या निमित्ताने तेथे गेली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. मराठी वस्ती एवढी मोठी की महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

या घरांतील आजी गावी निंदणी करत असे, कापूस वेचत असे, डोक्यावरून पाणी आणत असे. तिची सून किंवा नात आता सुरतेत घरबसल्या साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते, धागे कापते. काम काही कमी नाही. डोळे आणि पाठ दुखेपर्यंत ती राबते. पण ते सारे मांडी घालून. शेत गेले, चालणे गेले. जेवण मात्र शेतावरचेच राहिले. भाकरी तीच, भाजीवरचा तेलाचा तवंग तोच. त्यात शहराच्या फरसाणाची आणि गोडाची भर. ‘सुरतेचे जेवण नि काशीचे मरण’ ही म्हण काही उगाच पडली नाही. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, तुपात न्हालेली घारी खाल्ल्याशिवाय सुरतकर राहत नाही.

त्याच तापीच्या मुलुखात दुसरीही बाई आहे. नंदुरबार आणि डांगकडून बारडोलीच्या परिसरात उसाच्या तोडीला येणारी. तिचा प्रश्न वजन उतरवण्याचा नसून पोटभर आणि सकस खाण्याचा आहे. पुढील सल्ला तिच्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे केवळ सुरतेचे दुखणे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या आढळल्या. आपल्या गावांतही पॉवर टिलर आला, पंप आला, मिक्सर आला. ‘मी दिवसभर राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?’ हे म्हणणे लावणी-कापणीच्या दिवसांत खरे असते. उरलेल्या महिन्यांत ते तितके खरे राहत नाही.

हिशेब असा आहे

६५ किलो वजनाची बाई अर्धा तास संथपणे सायकल चालवते तेव्हा सुमारे १३० कॅलरी खर्च होतात. ती नुसती बसून राहिली असती तरी ३० एक खर्च झाल्याच असत्या. म्हणजे सायकलीचा खरा लाभ १०० कॅलरींचा. आता हे पाहा: एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. अर्ध्या तासाची सगळी मेहनत एका चमचा तेलात विरघळते!

एक किलो चरबी उतरवायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली आणि खाणे होते तेवढेच ठेवले, तर एक किलो उतरायला साडेतीन महिने लागतील. त्यातही सायकलीवरून आल्यावर भूक वाढते. ‘आज एवढी मेहनत केली’ म्हणून एक भाकरी जास्त जाते, किंवा थकून दुपारी जरा अधिक पडून राहावेसे वाटते. मग काटा हलणार कसा?

आता दुसरी बाजू. तीच बाई रोजच्या स्वयंपाकातून स्वतःच्या वाट्याचे एक मोठा चमचा तेल कमी करते आणि चहातील चार लहान चमचे साखर सोडते. साखरेच्या लहान चमच्यात २० कॅलरी धरल्या, तर रोज २०० कॅलरी वाचल्या. त्यात सायकलीची भर घातली की महिन्याला सुमारे एक किलो उतरू शकते. वजन घटू लागल्यावर हा वेग मंदावतो, हेही ध्यानात असू द्यावे.

काटा जे सांगत नाही

मग सायकल चालवायची तरी कशाला? कारण काटा सगळे सांगत नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात १८,४१४ स्त्रियांची १९८९ ते २००५ अशी सोळा वर्षांची माहिती तपासली गेली. २०१० साली ती प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांनी सायकल चालवणे वाढवले, त्यांचे वजन इतरांपेक्षा कमी वाढले, आणि मुळात जाड असलेल्यांत हा फरक अधिक दिसला. रमतगमत चालण्याने तो दिसला नाही. भरभर चालण्याने दिसला. वयाबरोबर दरवर्षी चढणारे वजन थोपवणे हाही मोठाच लाभ आहे.

शिवाय नियमित सायकलीने रक्तातील साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, मांड्यांना बळ येते, दम वाढतो. शरीराचा भार बैठकीवर असल्याने गुडघ्यांवर चालण्यापेक्षा कमी ताण येतो. ६५ किलोच्या बाईचे वजन तीन-सव्वातीन किलो जरी उतरले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. ‘वीस किलो उतरले तरच खरे’ हा हट्ट सोडावा.

म्हणून काट्याच्या जोडीला साधी टेप ठेवा. रविवारी मिस्साला जाण्यापूर्वी, काही खाण्याआधी, कंबर मोजून वहीत लिहा. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५३ किलोपर्यंत ठीक. ५८ च्या पुढे गेले की स्थूलपणा समजावा.

सायकलीवर

१. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला एवढाच आहे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, दर आठवड्याला थोडी वाढवावी.

२. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. अधूनमधून एक मिनिट जोरात, दोन मिनिटे हळू असे करावे.

३. बैठकीची उंची नीट करून घ्यावी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली की गुडघा सरळ व्हावा. बैठक फार खाली असली की गुडघे दुखतात.

४. साखळीला झाकण आणि मागच्या चाकाला साडीची जाळी असलीच पाहिजे. पदर, ओढणी खोचून घ्यावी.

५. सायकलीने हाडांवर भार पडत नाही. म्हणून थोडे चालणे, जिना चढणे, ओझे उचलणे चालू ठेवावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर ठेवावी. छातीत दुखणे, चक्कर येणे, दम लागणे असे काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. सर्व पथ्य पाळूनही वजन वाढतच असेल, पाळी अनियमित असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

चुलीपाशी

तेल बरणीतून ओतू नये, चमच्याने मोजून घालावे. दर माणशी महिन्याला पाऊण किलोच्या वर तेल जाऊ नये. भाकरीबरोबर डाळ, मटकी, अंडे, मासळी यांपैकी काहीतरी आणि ताटभर भाजी असावी. मग भूक लवकर लागत नाही. उपाशी राहून वजन उतरवू नये. मुलांच्या ताटातले उरलेले ‘वाया जाते’ म्हणून पोटात घालण्याची सवयही मोडावी.

घरच्यांना दोन शब्द

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून, गुजरातेत सरस्वती साधना योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. या मुली रोज शाळेला सायकलीने जातात. पण लग्न झाले की सायकल सुटते आणि चाळिशीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा शिकावी लागते. ती सुटूच दिली नाही तर?

रस्त्यांचाही विचार हवा. केंद्र सरकारच्या सायकल उपक्रमात २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत सुरत होते. परंतु टेम्पो आणि ट्रकांच्या गर्दीतून एकट्या बाईला पहाटे निघणे सोपे नाही. चौघी-पाचजणींनी मिळून निघावे, उजाडल्यावर निघावे. पावसाळ्यात घरातच जोर काढावा, पण खंड पडू देऊ नये.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेळेची असते. सकाळी डबा, पाणी, मुलांची शाळा हे सारे एकाच बाईच्या माथ्यावर असेल, तर अर्धा तास ती आणणार कोठून? नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने चहा टाकला, पाणी भरले, म्हणजे तो अर्धा तास निघतो. आणि तेलाचा चमचा मोजायचा तर तो साऱ्या घराने मोजावा. आईने कोरडी भाकरी खायची आणि बाकीच्यांनी तिच्यासमोर भजी, हे पथ्य आठ दिवसही टिकत नाही.

तेव्हा भगिनींनो, महिन्याभरात काटा हलला नाही म्हणून सायकल भिंतीला टेकवू नका. ती चालू ठेवा, आणि तेलाच्या बरणीत एक चमचा ठेवा. तीन महिन्यांनी वहीतला कंबरेचा आकडा पाहा.