मुरगळलेला घोटा आणि रेंगाळणारी सूज : बुधवार पेठेतील उभ्याने चालणाऱ्या व्यवसायांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पाय मुरगळणे ही दुखापत सर्वसाधारणपणे किरकोळ मानली जाते. वेदना ओसरली की घोटा बरा झाला असे गृहीत धरून माणूस कामाला लागतो. मात्र घोट्याभोवतीची सूज अनेकदा आठवडेच्या आठवडे टिकून राहते. ही सूज का टिकते, तिच्यावर विश्रांती हा उपाय कितपत पुरतो आणि दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : घोटा, अस्थिबंध, सूज, पोटरीचे स्नायू, तोल, उभ्याचे काम.

प्रस्तावना

पुण्याच्या मध्यवस्तीतील बुधवार पेठ ही मुख्यतः पायी फिरण्याची पेठ आहे. अठराव्या शतकात नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी उभारलेल्या राममंदिराभोवतीची तुळशीबागेची बाजारपेठ, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, विद्युत उपकरणांचा बाजार, जोगेश्वरीचे मंदिर आणि दगडूशेठ हलवाई गणपतीसमोरील दर्शनाची रांग ही या पेठेची ओळख होय. या साऱ्या व्यवहाराचा भार अखेर माणसांच्या पायांवर पडतो. दुकानातील विक्रेते सकाळपासून रात्रीपर्यंत उभे असतात. माल वाहणारे अरुंद बोळांतून आणि जुन्या वाड्यांच्या चढ्या जिन्यांवरून ये-जा करतात. गणेशोत्सवापूर्वी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. कमरेला ढोल बांधलेल्या वादकाला स्वतःचे पाऊल नेमके कोठे पडते हे नीट दिसत नाही. पावसाळ्यातील ओले दगड, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि टाचेला पट्टा नसलेली चप्पल यांची त्यात भर पडते.

अशा परिस्थितीत पाय मुरगळणे ही नित्याची बाब ठरते. रोजंदारीवर किंवा लहान दुकानात काम करणाऱ्यास दोन-तीन दिवसांपलीकडे घरी राहणे परवडत नाही. चौथ्या दिवशी तो पुन्हा उभा राहतो, संध्याकाळी घोटा फुगतो, रात्री उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगतो. हे चक्र कसे थांबवावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

दुखापतीचे स्वरूप

घोट्याच्या सांध्यात पायाची दोन लांब हाडे आणि पावलातील घोट्याचे हाड एकत्र येतात. हाडाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. घोट्याच्या बाहेरील बाजूस असे तीन प्रमुख अस्थिबंध असतात. पाऊल आतल्या बाजूस वळून शरीराचा भार त्याच्या बाहेरील कडेवर आला की त्यांपैकी पुढचा अस्थिबंध प्रथम ताणला जातो. जोर अधिक असल्यास मधलाही दुखावतो. मुरगळण्याच्या बहुसंख्य घटना याच प्रकारच्या असतात.

दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत अस्थिबंध केवळ ताणला जातो, दुसरीत तो अंशतः फाटतो आणि तिसरीत पूर्णपणे तुटतो. सूज किती आहे यावरून पायरी ठरवता येत नाही. अल्प दुखापतीतही सूज मोठी असू शकते.

हाड मोडले आहे काय, हा पहिला प्रश्न असतो. कॅनडातील ओटावा येथे इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपे निकष मांडले. घोट्याच्या आतील किंवा बाहेरील उंचवट्याच्या मागील कडेवर, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत हाड दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. पावलाच्या मध्यभागी वेदना असून करंगळीच्या रेषेतील हाडाचा मागचा उंचवटा किंवा पावलाच्या आतील बाजूचे नौकाकृती हाड दाबल्यावर दुखत असल्यासही तेच करावे. लंगडत टाकलेली पावलेही येथे धरली जातात. दीर्घकालीन मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र केवळ या निकषांवर विसंबू नये. पेठेजवळच ससून सर्वोपचार रुग्णालय आणि महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय असल्याने ही तपासणी लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

सूज का टिकते

मुरगळल्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि आसपासच्या वाहिन्यांच्या भिंती अधिक पाझरू लागतात. रक्त, पाणी आणि प्रथिने पेशींच्या मधल्या जागेत साचतात. ही दाहाची अवस्था पहिल्या काही दिवसांची असून ती दुरुस्तीचाच भाग होय. पुढील काही आठवड्यांत नवे तंतू तयार होतात आणि त्यानंतर अनेक महिने, कधी वर्षभर, ते ताणाच्या दिशेने रचले जाऊन बळकट होतात. वेदना मात्र बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ओसरते. वेदना संपणे आणि दुरुस्ती संपणे यांत असे मोठे अंतर असते.

साचलेला द्रव परत नेण्याचे काम शिरा आणि लसीकावाहिन्या करतात. घोटा हृदयापासून सर्वांत दूर आणि सर्वांत खाली असल्याने हे काम तेथे अवघड होते. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळील शिरांतील दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. तो चालू लागला की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून शिरांतील रक्त वर ढकलतात, शिरांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि हा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याखाली येतो. तुळशीबागेतील विक्रेती दिवसभर गल्ल्यामागे उभी असते, पण फारशी चालत नाही. तिच्या पोटरीचा हा पंप जवळजवळ बंद असतो. तिच्या घोट्याची सूज संध्याकाळी वाढण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

दुसरे कारण घोटा वापरण्याच्या पद्धतीत आहे. लंगडत चालणारा माणूस घोटा ताठ धरतो आणि टाच पूर्ण उचलत नाही. त्यामुळे सांधा आखडतो, पोटरी अशक्त होते आणि पंप आणखी दुबळा होतो. सूज दिसते म्हणून हालचाल टाळली जाते आणि हालचाल टाळल्याने सूज राहते. निव्वळ विश्रांती घेऊनही अनेकांची सूज का जात नाही, याचे उत्तर येथे मिळते.

उपचारविचारातील बदल

अमेरिकी वैद्य गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री मांडली आणि ती जगभर रूढ झाली. बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब होऊ शकतो, असे त्यांनी स्वतःच २०१४ मध्ये लिहिले. २०१९ मध्ये द्युबुआ आणि एस्क्युलिए यांनी मांडलेल्या नव्या सूत्रात बर्फाला स्थान नाही. पहिले काही दिवस संरक्षण, उंची व दाब आणि त्यानंतर क्रमाने भार व व्यायाम यांवर त्यात भर आहे. वेदना कमी करण्यासाठी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवण्यास हरकत नाही, परंतु त्याने अस्थिबंध लवकर जुळतो असे समजू नये.

घराघरांत आंबेहळद, रक्तचंदन किंवा तुरटीचा लेप लावला जातो. त्वचा फाटलेली नसल्यास व लेप कढत नसल्यास त्याने थोडा आराम वाटू शकतो. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरदार मालिश करणे, शेक घेणे किंवा झटका देऊन पाय ‘बसवून’ घेणे टाळावे. फाटलेल्या तंतूंतून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका त्यात असतो.

पुनर्वसनाचे टप्पे

पहिले तीन दिवस : पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्यावे. खाली थोडे घट्ट, वर सैल. बोटे निळसर, थंड किंवा बधिर झाल्यास ते लगेच सोडावे. सोसेल तितके पाऊल वर-खाली हलवावे.

चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत : टाच आधी आणि बोटे नंतर, या क्रमाने लहान पावले टाकत चालावे. पावलाने हवेत अक्षरे गिरवावीत. भिंतीजवळ उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीकडे न्यावा आणि दोन्ही पायांची तुलना करावी. ज्या पायाचा गुडघा कमी पुढे जातो तो घोटा आखडलेला असतो. उकिडवे बसण्यासाठी ही हालचाल परत मिळणे अत्यावश्यक आहे.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत : प्रथम दोन्ही आणि नंतर एका पायाच्या टाचा उचलाव्यात. रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल बाहेरच्या बाजूस ढकलावे. एका पायावर तीस सेकंद उभे राहावे आणि ते जमले की डोळे मिटून, आधार जवळ ठेवून, तेच करावे.

या शेवटच्या व्यायामाचे महत्त्व विशेष आहे. ब्रिटिश अस्थिशल्यतज्ज्ञ फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखविले की घोटा वारंवार ‘दगा देतो’ त्यामागे सैल अस्थिबंधाइतकाच स्थितिज्ञानाचा अभाव असू शकतो. पावलाची स्थिती मेंदूला कळविणारी मज्जातंतूंची टोके अस्थिबंधात असतात आणि मुरगळताना तीही दुखावतात. तोलाच्या व्यायामाने ही उणीव पुष्कळशी भरून निघते. हा टप्पा वगळणाऱ्याचा घोटा पुन्हा मुरगळतो आणि दर वेळी सूज नव्याने येते.

कामाच्या ठिकाणी

दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा टाचा उचलाव्यात. ते जमत नसेल तर बसून पाऊल वर-खाली करावे. गिऱ्हाईक नसताना चार पावले चालावे. दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटे पाय उंच ठेवावेत. सकाळी, सूज कमी असताना, घोट्याचा लवचीक मोजा चढवावा. मात्र पायाच्या रक्तपुरवठ्याचा विकार असल्यास वैद्यांना विचारूनच. टाचेला पट्टा असलेले पादत्राण वापरावे.

यांतील बऱ्याच गोष्टी एका स्टुलावर अवलंबून आहेत. विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. पेठेतील दुकान कितीही अरुंद असले तरी एका स्टुलाची जागा त्यात निघू शकते. मुरगळलेल्या पायाने काम करणाऱ्यास ती सोय औषधाइतकीच उपयोगी पडते.

सुजेचे वाचन

सूज रोज सकाळी व संध्याकाळी शिंप्याच्या टेपने, त्याच जागी मोजावी आणि दुसऱ्या घोट्याशी ताडून पाहावी. संध्याकाळी वाढून सकाळी उतरणारी आणि आठवड्यागणिक कमी होणारी सूज बहुधा भाराची असते. तेव्हा व्यायाम चालू ठेवावा, मात्र उभे राहण्याचा काळ थोडा कमी करावा. सहा ते आठ आठवड्यांनंतरही सूज तशीच राहिली, सांधा अडकू लागला किंवा घोट्याच्या वरच्या बाजूस वेदना राहिली, तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. न दिसलेला अस्थिभंग, सांध्यातील कूर्चेची इजा किंवा दोन लांब हाडांना जोडणाऱ्या अस्थिबंधाची दुखापत यामागे असू शकते.

पोटरी दुखून, गरम होऊन सुजली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. धाप लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये. दोन्ही घोटे सुजत असतील तर कारण मुरगळण्यात शोधू नये. हृदय, मूत्रपिंड यांचे विकार किंवा रक्तदाबावरील अम्लोडिपिनसारखे औषधही त्यास कारणीभूत ठरते. असे औषध स्वतःहून बंद न करता वैद्यांशी बोलावे.

निष्कर्ष

१) वेदना थांबणे म्हणजे घोटा बरा होणे नव्हे, अस्थिबंधाची दुरुस्ती त्यानंतरही अनेक महिने चालते.

२) पहिल्या काही दिवसांनंतर रेंगाळणारी सूज बहुतेक वेळा अधिक विश्रांतीपेक्षा पोटरीचे काम, सांध्याची हालचाल आणि तोल परत मिळविण्याची गरज दर्शविते.

३) उभ्याच्या व्यवसायात निश्चल उभे राहणे हे सूज टिकण्याचे स्वतंत्र कारण असल्याने उपचाराचा एक भाग दुकानातच व्हावा लागतो. त्यात काम करणाऱ्याइतकीच मालकाचीही जबाबदारी आहे.

४) धोक्याची चिन्हे नसल्याची खात्री करून क्रमाने केलेला व्यायाम कमी खर्चाचा आहे आणि बुधवार पेठेतील कोणत्याही गल्ल्यामागे तो करता येण्याजोगा आहे.