सोळाशे वीस बाळंतिणी

बाळ रडतं, बाई मोकळी होते, घरचे पेढ्यांच्या मागे लागतात. नेमक्या त्याच वेळी तिच्या शरीरात एक विलक्षण गोष्ट घडत असते. दिवस भरलेल्या गर्भपिशवीला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पुरवलं जात असतं. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. हिशेब मांडला तर दहा-बारा मिनिटांत अंगातलं सगळं रक्त वाहून जायला हवं. तसं होत नाही, कारण पिशवीचे स्नायू बाजेच्या सुंभासारखे आडवे-उभे विणलेले असतात. पिशवी आवळली की हे स्नायू रक्तवाहिन्यांना चिमटीत धरतात आणि वाट बंद होते. एकही टाका न घालता!

पण कधी कधी पिशवी सैल राहते. मग ते रक्त थांबत नाही. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने जगात अजूनही दर वर्षी सुमारे 70,000 बाया दगावतात.

आता जालना जिल्ह्यातलं एखादं उपकेंद्र डोळ्यांपुढे आणा. मंठ्याकडचं असो, भोकरदनचं की घनसावंगीचं. सिस्टरपुढे दोन प्रश्न उभे असतात: हे जातंय ते नेहमीइतकंच की जास्त? आणि जास्त जाऊ नये म्हणून आत्ता काय द्यायचं? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधण्यात शेजारच्याच राज्यातल्या एका जिल्ह्याने जगाला मोठा हात दिला आहे, हे कळल्यावर मी थक्क झालो. तो जिल्हा म्हणजे कर्नाटकातला बेळगाव.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. पाचशे मिलिलिटरच्या पुढे गेलं तर रक्तस्राव, अशी व्याख्या रूढ आहे. पण रक्त मोजायचं कसं? ते कापडात मुरतं, टेबलाखाली सांडतं, पाण्यात मिसळतं. म्हणून वर्षानुवर्षं जगभर ते नजरेनेच ठरवलं जाई. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर एक साधी वस्तू तयार केली. प्लास्टिकची चादर, तिच्या खालच्या टोकाला निमुळती पिशवी आणि त्या पिशवीवर मापाच्या रेघा. बाळ आलं की ही चादर बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. रक्त आपोआप पिशवीत उतरतं आणि आकडा समोर दिसतो. मग त्यांनी 123 बायकांवर तुलना केली: काहींचं रक्त नजरेने अजमावलं, काहींचं चादरीने मोजलं. नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. अनुभवी माणसांची नजरसुद्धा कमीच सांगते, आणि इथे कमी सांगणं म्हणजे उशीर करणं.

दुसरा प्रश्न औषधाचा. गर्भपिशवी आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हाच पहिला पर्याय होता आणि आजही आहे. पण ते 2 ते 8 अंशांत थंड ठेवावं लागतं, ते टोचायला शिकलेला हात लागतो. जालन्याचा मे महिना ज्यांनी काढलाय, पारा चाळिशीच्या वर आणि त्यात वीज गेलेली, त्यांना ही अट किती कठीण ते सांगायला नको. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र मूळची पोटातल्या अल्सरवरची. स्वस्त, फ्रीज न लागणारी, पाण्याबरोबर गिळता येणारी. ती पिशवीही आवळते हे माहीत होतं. पण डॉक्टर जवळ नसताना, खेड्यात, फक्त एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) सिस्टरच्या हाती ती खरोखर कामाची ठरेल का?

डॉ. भालचंद्र कोडकनी, डॉ. शिवप्रसाद गौडर, अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात याचं उत्तर शोधलं. 1,620 बाळंतिणी या अभ्यासात आल्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात झाली, आणि ती केली एएनएम सिस्टरांनीच. नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत प्रत्येक बाईला गोळ्या दिल्या. 812 जणींना मिसोप्रोस्टॉलचे 600 मायक्रोग्रॅम, 808 जणींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं आणि सिस्टरलाही नाही. हे ऐकून कुणाचंही मन चरकेल. बिनऔषधाची गोळी का म्हणून? पण त्या काळी अशा बाळंतपणात पिशवी आवळण्याचं कुठलंच औषध द्यायची रीत नव्हती, वार आपोआप पडायची वाट पाहिली जाई. आणि सिस्टरला माहीत असतं, तर औषध घेतलेल्या बाईकडे तिने नकळत वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. नजरेवर विसंबायचं नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. रक्त मोजलं गेलं ते त्याच चादरीने.

निकाल 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या 12 जणींना रक्तस्राव झाला होता, मिसोप्रोस्टॉलच्या गटात 6.4 जणींना. अतितीव्र रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आला. दर 18 बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो, असा तो हिशेब. त्रासही नोंदला गेला: थंडी वाजणं, ताप येणं, पण काही वेळापुरतं. या आकड्यांपुढे मी बराच वेळ थांबलो. त्या अठरांपैकी ती एक कोणती, हे कुणालाच, अगदी गोळी देणाऱ्या सिस्टरलाही, कधी कळत नाही. तरी ती वाचलेली असते. एकेका बाळंतपणातून हे कुणाला दिसलंच नसतं. त्यासाठी सोळाशे वीस जणींना एकत्र पाहावं लागलं.

2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. 2013 साली भारत सरकारने घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी या गोळ्या गावपातळीवर पोचवण्याच्या सूचना काढल्या. अशा एका चाचणीवर कुणी निर्णय घेत नाही, इतर देशांतले अभ्यासही जोडीला होते. पण त्यात बेळगावच्या बायकांचा वाटा ठळक आहे. आपल्याकडची ऊसतोड करणारी कुटुंबं हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट उत्तर कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. तिथल्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, कळा सुरू झालेल्या बाईसाठी फ्रीज न लागणाऱ्या गोळीचं मोल किती, ते तीच जाणे. अर्थात पोटात दुसरं बाळ नाही ना, याची खात्री करूनच ती द्यायची असते.

मापाची चादर तर आणखी लांब गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या सुमारे 80 रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेला अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. तिथे मापाच्या चादरीने रक्त मोजलं आणि धोका दिसताच गर्भपिशवी चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी असे सगळे उपाय एकापाठोपाठ न थांबता केले. नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, इथे 93 टक्के. अतितीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सारं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. यात नवं औषध एकही नव्हतं! मोजलं आणि मोजल्याबरोबर हात चालवला, एवढंच.

पुरावा काही गोष्टी देतो तशा काढूनही घेतो. बाळंतपणाआधी प्रत्येकीला एनिमा देणं, केस काढणं ही एके काळी वॉर्डातली ठरलेली कामं होती. त्यांचा फायदा नाही, हे अभ्यासांतून दिसलं आणि 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती सोडून द्या असं स्पष्ट सांगितलं. किती बायकांचा निष्कारण संकोच आणि किती सिस्टरांचे कष्ट वाचले असतील!

म्हणून सिस्टरचा अनुभव कमी ठरतो, असं मला मुळीच वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बाया रक्तक्षयी आढळल्या. अशा बाईला चारशे मिलिलिटरही झेपणार नाही, हे तिचा पांढुरका चेहरा पाहून, नाडी धरून सिस्टरच ओळखते. आकडा हजारोंविषयी बोलतो, समोरच्या एकीला ती ओळखते. दोन्ही हवेत.

तुमच्या घरात बाळंतपण असेल तर पेढे वाटा, पण बाळंतिणीजवळ एक माणूस ठेवा. वार पडल्यावर पहिले दोन तास तिला सिस्टरच्या नजरेआड होऊ देऊ नका. कपडे भराभर भिजू लागले, घेरी आली, अंग गार पडलं तर लगेच सिस्टरला हाक मारा, आणि घरी असाल तर 108 ला फोन करा. दवाखान्यातून 48 तासांच्या आत घरी न्यायची घाई करू नका. आणि सिस्टर रक्त मोजायला थांबली, तर तिला तो वेळ द्या.