उन्हात फुलणारी झाडे

‘प्यायला पाणी नाही, तिथे फुलझाडे कसली लावता?’ जाफराबाद तालुक्यात अंगणात रोप लावणाऱ्याला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. प्रश्न खोटा नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. २०१२-१३ मध्ये तर जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. परंतु सगळीच फुलझाडे पाण्यासाठी हपापलेली नसतात. काहींना कडक ऊनच मानवते.

त्यांत पहिला मान ‘ऑफिस टाइम’चा. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे इवलेसे झाड ऊन चढले की फुलते, म्हणून हे नाव. त्याच्या मांसल पानांत पाणी साठते. पाण्याची ओढ बसली की ते दिवसा पानांची रंध्रे मिटून रात्री हवा आत घेते. झेंडू व झिनिया मेक्सिकोकडचे, तर सदाफुली मादागास्करची. सदाफुलीला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, हा खेड्यात मोठाच फायदा! बटणफूल वाळले तरी त्याचा रंग टिकतो.

आपल्याकडची काळी जमीन पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते. मुळांशी पाणी साचले तर ही झाडे कुजून मरतात. म्हणून मातीत वाळू किंवा बारीक मुरूम व थोडे कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. खत फार घातले तर पानेच माजतात. कोवळ्या रोपाला मात्र पहिले दहा-बारा दिवस रोज पाणी हवे. पुढे दोन बोटे खोल माती कोरडी लागली तरच सकाळी बुंध्याशी पाणी द्यावे व वर पाचोळा पसरावा. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. झेंडू वीतभर झाला की शेंडा खुडावा. फांद्या फुटून फुले वाढतात. जुलैत गावठी झेंडूचे बी टाकले तर दसऱ्याच्या तोरणाला घरची फुले मिळतात. वाळलेल्या फुलांचे बी पुढच्या वर्षासाठी राखावे.

घागरीतले पाणी आधी माणसाला, मग जनावराला, हा न्याय योग्यच आहे. या फुलांना त्या घागरीतला वाटा नको. भाजीच्या पातेल्यात उरलेले पाणी त्यांना पुरते. तेवढ्यावर एखादे उजाड अंगण रंगत असेल, तर दुष्काळी भागातल्या माणसाने फुलांची हौस का सोडावी?