टेबलावरची रायफल

नेमबाजीमागचं शास्त्र : भाग ५

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतलं. दोघांचंही हत्यार एकच, पॉइंट टू-टू रिमफायर रायफल. अशा रायफलीकडून किती अचूकपणा हवा, याचं गणित आपल्याला इथे बसून मांडता येतं.

दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, गोळी ५.६ मिलिमीटरची. भोकाची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवं. रायफलच जर गोळ्या १६ मिलिमीटरमध्ये विखरून टाकत असेल, तर सगळी मोकळीक तिनेच वापरली. हात, श्वास, वारा यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही.

हा रायफलीचा वाटा वेगळा मोजायचा, म्हणून ती टेबलावर ठेवतात. पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर, दस्त्याखाली दुसरी पिशवी. नळी कशालाही टेकता कामा नये, कारण बार उडताना ती थरथरते आणि टेकू लागला की ती थरथर बदलते. प्रत्येक बाराला रायफल त्याच जागी, खांद्याचा दाबही तितकाच.

खरी गोम काडतुसात आहे. रिमफायरचं स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं. ते कडेभर सारखं पसरलं नाही, तर गोळीचा वेग बदलतो. शिवाय हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून येईल तेच वापरायचं. म्हणून मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे एका वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपांची, चाचणी घेतात. एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. लॉट बदलला की आधीच्या गोळ्यांना लावलेलं मेण नळीत उरलेलं असतं, त्यामुळे पहिले काही बार मोजत नाहीत.

पाच गोळ्यांचा सुरेख ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, दाखवून रायफलीची तारीफ करणं मला मान्य नाही. तीच रायफल दहा बारांत सरासरी सव्वापट मोठा ग्रुप देते. दहा-दहाचे अनेक ग्रुप काढावेत, सगळ्यांची सरासरी घ्यावी, वाईट ग्रुप वगळू नये. आपल्या सोनपेठच्या मे महिन्यातल्या उन्हात तर तापलेल्या जमिनीवरची हवा लक्ष्यच हलवून दाखवते. चाचणी सकाळी लवकर किंवा बंद रेंजवर घ्यावी.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार या रायफलीलाही परवाना लागतो. त्यामुळे शेतात प्रयोग करायचा नाही, अधिकृत रेंजवरच जायचं. पुण्याला बालेवाडीत ५० मीटरची रेंज आहे. चांगला लॉट सापडला, की नेमबाज त्याचीच वर्षभराची काडतुसं घेऊन ठेवतात. तो संपला, की त्याच नावाच्या नव्या खोक्यासाठी रायफल पुन्हा टेबलावर येते.